पॉवर बँकला लावलेल्या पॉडचं चार्जिंग अर्ध्या मिनिटात थांबतं: कारणं आणि उपाय

तक्रार बहुतेकांची एकसारखीच असते. पहिलाच पॉड, म्हणजे चार्ज करून वापरायची छोटी ई-सिगरेट, घरी भिंतीवरच्या चार्जरला लावला की नीट चार्ज होतो. कामावर जाताना पॉवर बँक बरोबर घेतली, मधल्या सुट्टीत पॉड तिला लावला, दिवा लागला आणि अर्ध्या मिनिटात विझला. पॉवर बँकेचं बटण दाबलं की परत लागतो, परत विझतो. त्याच पॉवर बँकेवर फोन मात्र व्यवस्थित चार्ज होतो. दुकानदार पॉड तपासून ‘यात काही बिघाड नाही’ म्हणतो, पॉवर बँकवाला पॉवर बँकेबद्दल तेच सांगतो, आणि दोघंही खरं बोलत असतात.

हे लिहितोय ते ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, सिगरेट सोडण्यासाठी पॉडकडे वळलेल्या प्रौढ मराठी माणसांसाठी. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे, तेव्हा तिथल्या वाचकांनी यातलं पॉवर बँक आणि केबलचं तेवढं घ्यावं. ते छोटे इअरफोन, हातावरचं घड्याळ, श्रवणयंत्राची डबी यांनाही लागू पडतं. ज्याने कधी सिगरेट ओढलीच नाही त्याने पॉडच्या वाटेला जाऊ नये, हेही इथेच सांगून ठेवतो.

एवढ्याशा बिघाडावर इतकं लिहायचं कारण सांगतो. सिगरेट सोडतानाचे पहिले काही आठवडे फार नाजूक असतात. दुपारी दोन वाजता तलफ येते, पॉड बंद पडलेला असतो, पॉवर बँक साथ देत नाही, आणि शेजारी उभा असलेला सहकारी पाकीट पुढे करतो. या अर्ध्या मिनिटाच्या दिव्यापायी लोक परत सिगरेटकडे गेलेले मी पाहिले आहेत. ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणून त्यांनी किट कपाटात टाकून दिलं, आणि अडचण होती फक्त चार्जिंगची.

आधी पॉवर बँक बंद का होते ते समजून घेऊ, कारण तिथेच बहुतेक उत्तर आहे.

पॉवर बँकेच्या आत ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी असते आणि तिचे ५ व्होल्ट करून देणारं सर्किट असतं. हे सर्किट चालू राहिलं की कोणी वीज घेत नसलं तरी थोडी थोडी खर्च होत राहते. फोन काढून घेतल्यावर पॉवर बँक पिशवीत पडल्या पडल्या रिकामी होऊ नये म्हणून कंपन्यांनी त्यात सोय केलेली असते: बाहेर जाणारा प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला आणि काही सेकंद तसाच राहिला, तर कोणी जोडलेलंच नाही असं समजून बंद व्हायचं. ही मर्यादा प्रत्येक पॉवर बँकेत वेगळी, पण बऱ्याच जणींत ती ५० ते १०० मिलीअँपिअरच्या आसपास असते. फोन हजार-दोन हजार मिलीअँपिअर ओढतो, त्याला ही मर्यादा कधी जाणवतच नाही. पॉडचं तसं नसतं. तो दार वाजवतो, पण इतक्या हळू की आत ऐकूच जात नाही.

नवशिक्यांच्या पॉडमध्ये बॅटरी साधारण ५०० ते १,००० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) असते आणि ती बहुधा अर्धा ते एक अँपिअर प्रवाहाने चार्ज होते. हा आकडा मर्यादेच्या बराच वर आहे. मग पॉवर बँक बंद का पडते? कारण पॉड सगळा वेळ तेवढा प्रवाह घेत नाही. चार्जिंगच्या दोन टोकांना त्याची मागणी एकदम खाली येते, आणि तुमची अडचण कोणत्या टोकाची आहे यावर उपाय ठरतो.

पहिलं टोक शेवटचं. लिथियम बॅटरी आधी एकसारख्या प्रवाहाने भरत जाते. ती ४.२ व्होल्टला पोचली की व्होल्टेज तिथेच धरून ठेवतात आणि प्रवाह हळूहळू उतरत जातो. टीपी४०५६ सारख्या स्वस्त आणि सगळीकडे दिसणाऱ्या चार्जिंग चिपमध्ये प्रवाह मूळच्या एक दशांशावर आला की चार्जिंग पूर्ण झालं असं धरलं जातं. पॉड ५०० मिलीअँपिअरने चार्ज होत असेल तर हा शेवट ५० वर येतो. पॉवर बँकेची मर्यादा ८० असेल, तर पॉडने ‘झालं’ म्हणायच्या आधीच पॉवर बँक निघून जाते. पॉडवर चार्ज पूर्ण झाल्याचा हिरवा दिवा लागतच नाही आणि माणसाला वाटतं की बॅटरी अर्धवटच राहिली. प्रत्यक्षात ती जवळजवळ पूर्ण भरलेली असते. पॉड अर्धा-पाऊण तास नीट चार्ज होऊन मग पॉवर बँक बंद होत असेल, तर काहीही करू नका. हा बिघाड नाहीच. काढा आणि वापरा.

दुसरं टोक सुरुवातीचं, आणि खरा त्रास तिथे आहे. बॅटरी फार खोल उतरलेली असेल, टीपी४०५६च्या बाबतीत २.९ व्होल्टच्या खाली, तर चिप तिला एकदम पूर्ण प्रवाह देत नाही. रिकाम्या लिथियम बॅटरीत जोराने वीज भरणं धोक्याचं असतं, म्हणून आधी एक दशांश प्रवाहाने तिला सावकाश वर आणते आणि मगच वेग वाढवते. हा एक दशांश प्रवाह पॉवर बँकेच्या मर्यादेखाली पडतो. पॉवर बँक काही सेकंद वाट बघते आणि बंद होते. बॅटरी वर यायला वेळच मिळत नाही, त्यामुळे तुम्ही कितीही वेळा बटण दाबलंत तरी तीच गोष्ट तशीच घडत राहते. ‘दिवा लागतो, अर्ध्या मिनिटात विझतो’ या तक्रारीमागे फार वेळा हेच असतं.

आता पॉड इतका खोल उतरतो कसा? रोजच्या वापरात सहसा नाही, कारण बॅटरी ३.२ व्होल्टच्या आसपास आली की पॉड स्वतःच झुरका घेऊ देत नाही, दिवा लुकलुकवून थांबतो. पण त्या अवस्थेत तो खणात तसाच पडून राहिला, तर आतलं सर्किट थेंबाथेंबाने उरलेली बॅटरी पीत राहतं. महिना-दोन महिन्यांनी ती २.९च्या खाली गेलेली असते. म्हणजे हा त्रास सगळ्यात जास्त कोणाला होतो? एकदा सिगरेट सोडायचा प्रयत्न केला, जमला नाही, किट ठेवून दिलं, आणि आता पुन्हा निश्चय करून तेच बाहेर काढलं अशा माणसाला. पुन्हा उभं राहायला मोठं बळ लागतं. निदान त्याच्या वाटेत तरी ही क्षुल्लक अडचण नको, असं मला मनापासून वाटतं.

उपाय सोपा आहे. खूप दिवसांनी बाहेर काढलेला पॉड पहिल्यांदा पॉवर बँकेला लावूच नका. भिंतीवरच्या साध्या ५ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरला किंवा चालू असलेल्या लॅपटॉपच्या जुन्या, आयताकृती यूएसबी पोर्टला लावा. प्रवाह कमी आहे म्हणून ते बंद होत नाहीत. वीस-पंचवीस मिनिटांत बॅटरी धोक्याच्या रेषेच्या वर आली की पुढचं चार्जिंग पॉवर बँकेवरही नीट होतं. एवढं करून तास झाला तरी पॉडमध्ये काहीच जीव आला नाही, किंवा तो हाताला गरम लागायला लागला, तर ती बॅटरी गेली. तिच्यावर आणखी प्रयोग करू नका.

भिंतीचा चार्जर जवळ नसेल, म्हणजे बांधकामाच्या साइटवर, गोदामात किंवा गाडीत असाल, तर दोन वाटा आहेत. पहिली, पॉवर बँकेचा कमी प्रवाहाचा मोड. बऱ्याच पॉवर बँकांमध्ये तो असतो, मात्र डब्यावर ठळक लिहिलेला नसतो. काहींमध्ये बटण लागोपाठ दोनदा दाबायचं असतं, काहींमध्ये दोनेक सेकंद दाबून धरायचं असतं. मोड चालू झाला की दिव्याचा रंग बदलतो किंवा एखादा छोटा दिवा वेगळा लागतो. या मोडमध्ये पॉवर बँक कमी प्रवाहालाही बंद होत नाही, आणि काही तासांनी आपोआप नेहमीच्या मोडवर येते. माहितीपत्रकात ‘इअरफोन’ किंवा ‘घड्याळ’ असा शब्द शोधा, ही सोय बहुधा त्यांच्याच नावाने दिलेली सापडते. नवी पॉवर बँक घ्यायची असेल तर हा मोड आहे की नाही ते आधी बघा. दहा हजार एमएएच का वीस हजार हा प्रश्न त्याच्यापुढे दुय्यम आहे.

दुसरी वाट मोड नसलेल्यांसाठी: त्याच पॉवर बँकेच्या दुसऱ्या पोर्टवर फोन लावा. बऱ्याच पॉवर बँका दोन्ही पोर्टांचा एकूण प्रवाह मोजतात. फोन चार्ज होत असेपर्यंत ती जागी राहते आणि तेवढ्या वेळात पॉड सावरतो. प्रत्येक पॉवर बँकेवर हे चालेलच असं नाही, पण करून बघायला काही लागत नाही.

इथवर सांगितलेला पॉड निदान अर्धा मिनिट तरी दिवा दाखवतो. काही जणांचा पॉड पॉवर बँकेला लावल्यावर काहीच करत नाही. दिवा नाही, लुकलुक नाही. ही गोष्ट संपूर्ण वेगळी आहे आणि तिथे दोष केबलकडे बघून शोधायचा.

केबलची दोन्ही टोकं सारखी, लहान आणि गोलसर असतील, तर ती सी-टू-सी केबल. एक टोक मोठं आयताकृती आणि दुसरं लहान गोलसर असेल, तर ती ए-टू-सी. दोन्ही वीजच नेतात, पण वीज कधी सोडायची याचा नियम दोघींचा निराळा आहे. आयताकृती ए पोर्टवर ५ व्होल्ट सरळ मिळतात, समोर काय आहे हे तो विचारत नाही. सी पोर्ट मात्र समोर वीज घेणारं उपकरण खरंच आहे का ते आधी तपासतो. त्या उपकरणाच्या पोर्टमध्ये सीसी नावाच्या दोन पिना असतात आणि प्रत्येकीवर ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा छोटा भाग) असायला हवा. तो दिसला तरच सी पोर्ट वीज सोडतो. नाही दिसला तर शून्य व्होल्ट.

स्वस्त पॉडमध्ये हे दोन रेझिस्टर कित्येकदा बसवलेलेच नसतात. काही पैशांची बचत, आणि वर डब्यात आखूड ए-टू-सी केबल दिलेली असते, त्यामुळे कारखान्यातून बाहेर पडताना सगळं चालू असतं. ती केबल हरवली आणि फोनची सी-टू-सी वापरायला घेतली की पॉड मेल्यासारखा पडून राहतो. ही चूक फक्त स्वस्त वस्तूंतच होते असंही नाही. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ या नावाजलेल्या छोट्या संगणकाच्या पहिल्या आवृत्तीतही दोन पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता, आणि काही चांगल्या प्रतीच्या केबल-चार्जरवर तो चालूच होत नव्हता. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते सुधारलं. पॉडच्या कंपन्या मात्र क्वचितच सुधारतात.

तेव्हा पॉड अजिबात चार्ज होत नसेल तर सगळ्यात आधी ए-टू-सी केबल शोधा आणि पॉवर बँकेच्या आयताकृती पोर्टला लावा. दहातल्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. सी-टू-सी केबलच वापरायची असेल तर एक छोटी गोष्टही करून बघा: पॉडकडचं टोक उलटं करून घाला. दोनपैकी एकाच पिनेला रेझिस्टर असलेला पॉड एका बाजूने चार्ज होतो, दुसऱ्या बाजूने नाही, आणि ‘कधी होतो, कधी नाही’ हे कोडं असं सुटतं.

नव्या काही पॉवर बँकांना आयताकृती पोर्टच नसतो, सगळे सी. तिथे सी टोकाला लागणारा आणि दुसऱ्या बाजूला आयताकृती तोंड देणारा छोटा अ‍ॅडॅप्टर घ्या, फोनला पेनड्राइव्ह जोडायला वापरतात तोच. नीट बनवलेल्या अ‍ॅडॅप्टरमध्ये तो ५.१ किलोओहमचा रेझिस्टर असतो. पॉवर बँक त्याला ओळखून वीज सोडते आणि पुढे ए-टू-सी केबलने ती पॉडपर्यंत पोचते.

लोक एक प्रश्न हमखास विचारतात: मोठ्या ६५ वॉटच्या पॉवर बँकेला एवढासा पॉड लावला तर जळेल का? सी पोर्ट सुरुवात ५ व्होल्टनेच करतो आणि उपकरणाने मागितल्याशिवाय व्होल्टेज वाढवत नाही. पॉडला मागताच येत नाही, त्यामुळे त्याला ५ व्होल्टच मिळतात, आणि प्रवाहही तो स्वतःला लागेल तेवढाच घेतो. तरीही माहितीपत्रकात ‘५ व्होल्ट, १ अँपिअर’ लिहिलं असेल तर ते पाळावं. आत संरक्षण किती आणि कसल्या प्रतीचं आहे हे बाहेरून कळत नाही.

ज्याला हा प्रश्न वारंवार येतो त्याने यूएसबी मीटर घ्यावा. बोटभर लांबीची वस्तू, केबलच्या मध्ये लावायची, व्होल्ट आणि अँपिअर दाखवते, काही पौंडांत मिळते. ५ व्होल्ट आणि ०.४-०.५ अँपिअर दिसले तर सगळं ठीक. ५ व्होल्ट आणि ०.०४-०.०५ दिसून थोड्या वेळात पडदा काळा झाला, तर खोल उतरलेली बॅटरी किंवा चार्जिंगचा शेवट, वर सांगितल्याप्रमाणे. ५ व्होल्ट आहेत पण प्रवाह सपशेल शून्य, तर पॉडचं पोर्ट अस्वच्छ आहे किंवा आतलं चार्जिंग सर्किट गेलं आहे. मीटरच चालू होत नाही, तर पॉवर बँकेने वीज सोडलेलीच नाही, म्हणजे केबलचा आणि रेझिस्टरचा मामला. तासभर अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे बरं.

पोर्टच्या अस्वच्छतेबद्दल थोडं. पॉड खिशात राहतो, खिशातला धागा-धूळ पोर्टमध्ये जाऊन दाबली जाते आणि केबल शेवटपर्यंत बसत नाही. त्यातच पॉडमधून लिक्विड झिरपलं तर सगळा चिकट लगदा होतो. पॉडची लिक्विडची कुपी काढून ठेवा, पोर्टमध्ये उजेड टाकून बघा, लाकडी टूथपिकने हलकेच कोरा. सुई, टाचणी किंवा कुठलीही धातूची वस्तू घालायची नाही. चिकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओला बोळा फिरवा आणि पूर्ण वाळेपर्यंत केबल लावू नका. कुपी जिथे बसते तिथले सोनेरी ठिपकेही कोरड्या कागदी रुमालाने पुसा. ते ओले असले की चार्ज भरलेला असूनही पॉड ‘कुपीच नाही’ अशी खूण करत लुकलुकतो, आणि लोक तो पुन्हा चार्जिंगला लावतात.

ही लुकलुक प्रत्येक कंपनीची वेगळी असते, तेव्हा माहितीपत्रक टाकून देऊ नका. लाल म्हणजे रिकामी आणि हिरवी म्हणजे भरलेली एवढं बहुधा सारखं असतं, त्यापलीकडे काही गृहीत धरू नये.

आता जरा मागे जाऊन मूळ प्रश्न विचारू: पॉडला दुपारीच चार्जिंग का लागतं? ८०० एमएएचचा पॉड साधारण माणसाला दिवसभर पुरायला हवा. तो रोज बारा-एक वाजता संपत असेल, तर दोष बॅटरीचा नसून बहुतेक वेळा निकोटिनच्या प्रमाणाचा असतो. दिवसाला वीस सिगरेट ओढणारा माणूस भीतीपोटी ३ किंवा ६ मिलीग्रॅमचं लिक्विड घेतो. त्यातून तलफ भागत नाही, म्हणून तो सतत झुरके घेत राहतो. बॅटरी संपते, कॉइल (लिक्विड तापवणारी आतली तार) तापून जळकी चव यायला लागते, घसा खवखवतो, आणि शेवटी ‘सिगरेट परवडली’ म्हणतो. ब्रिटनमध्ये लिक्विडमध्ये निकोटिन एका मिलीलिटरला २० मिलीग्रॅमपर्यंतच ठेवायला कायद्याची परवानगी आहे, कुपी २ मिलीलिटरची आणि बाटली १० मिलीलिटरची. जास्त सिगरेट ओढणाऱ्याने या मर्यादेत कुठून सुरुवात करावी हे सिगरेट सोडवण्यासाठी असलेल्या स्थानिक सेवेतल्या सल्लागाराला किंवा फार्मसिस्टला विचारा. ते फुकट सांगतात. इंग्लंडमध्ये २०२३ साली जाहीर झालेल्या ‘स्वॅप टू स्टॉप’ योजनेखाली काही ठिकाणी पहिलं किटही मिळतं. प्रमाण बरोबर बसलं की झुरके आपोआप कमी होतात आणि पॉवर बँकेची गरजच उरत नाही. ही गोष्ट मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो, कारण इथे केबल बदलून भागत नाही.

एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ई-सिगरेट दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षभरानंतर सिगरेटपासून दूर होते, पॅच-च्युइंगम दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. दोन्ही गटांना सल्लागारांची साथ होती. म्हणजे साधन उपयोगी आहे, पण सोपं कुणासाठीच नाही, आणि एका प्रयत्नात जमलं नाही म्हणून स्वतःला दोष देण्याचं कारण नाही. त्याच चाचणीत ई-सिगरेटच्या आधाराने सुटलेल्यांपैकी बरेच जण वर्षानंतरही ई-सिगरेट वापरतच होते. म्हणून पुढे पॉडही हळूहळू कमी करायचा हे मनात असू द्या.

जळक्या चवीचं उत्तर लहान आहे. नवी कुपी किंवा नवी कॉइल भरल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, आतला कापूस लिक्विडने भिजू द्या. नवशिक्यांच्या, १ ओहमच्या आसपासच्या कॉइलला पीजी आणि व्हीजी हे लिक्विडमधले दोन मूळ द्रव निम्मे-निम्मे असलेलं पातळ लिक्विड लागतं, फार घट्ट लिक्विड कापसापर्यंत वेळेवर पोचत नाही. आणि कापूस एकदा जळला की चव परत येत नाही, कॉइल बदलायचीच. बॅटरी उतरल्यामुळे वाफ कमी येणं हे वेगळं. चार्ज केल्यावर ती पूर्ववत झाली तर कॉइलला हात लावू नका.

पॉवर बँक किती मोठी हवी? गणित करून बघा. १०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॉट-तास. रूपांतरात काही जाऊन हाती तीसच्या आसपास येतात. ८०० एमएएचचा पॉड ५ व्होल्टवर एकदा भरायला साधारण ४ वॉट-तास लागतात. म्हणजे सात-आठ वेळा. फक्त पॉडसाठी ५,००० एमएएचची पॉवर बँक पुष्कळ झाली. वीस हजारची वीट खिशात बाळगायची गरज नाही.

हिवाळ्यात इथे आणखी एक गोष्ट घडते. रात्रभर गाडीत राहिलेला पॉड आणि पॉवर बँक सकाळी शून्याखाली गेलेले असतात. गोठणबिंदूखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर आत धातूचा थर साचतो, तो परत जात नाही, आणि बॅटरी कायमची कमकुवत आणि असुरक्षित होते. काही पॉवर बँका थंडीत चालूच होत नाहीत. आधी दोन्ही वस्तू घरात किंवा ऑफिसात नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, मग जोडा. रेडिएटरवर ठेवून तापवायच्या नाहीत. चार्जिंग उशीखाली, अंथरुणात किंवा झोपल्यावर करायचं नाही, आणि जोडलेल्या अवस्थेत झुरके घ्यायचे नाहीत, पॉड तसं करू देत असला तरीही. घरात लहान मुलं असतील तर लिक्विडची बाटली कुलपात. निकोटिन थोडं पोटात गेलं तरी मुलांना विषबाधा होते.

विमानात पॉड आणि पॉवर बँक दोन्ही हातातल्या सामानातच, मोठ्या बॅगेत नाही, आणि पॉड विमानात चार्ज करायचा नाही. भारतात जाताना मात्र पॉड घेऊनच जाऊ नका. आयातीवर बंदी आहे आणि पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘वापरापुरता एकच’ हे कारण विमानतळावर पुढे करायची वेळ आणू नका. गणपतीला किंवा लग्नाला तीन आठवडे जायचं असेल तर सल्लागाराशी आधीच बोलून निकोटिनचे पॅच किंवा च्युइंगम घ्या आणि ते निघायच्या आठवडाभर आधी सुरू करा, म्हणजे तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी काका-मामांच्या बिडी-सिगरेटीत बसायची वेळ आली तरी शरीर तयार असतं. तिथे कोणी नातेवाईक तंबाखू किंवा सिगरेट सोडायच्या विचारात असेल तर त्यांना १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा निःशुल्क क्रमांक द्या.

हे सगळं करूनही पॉड पॉवर बँकेवर, भिंतीवर, कुठेच चार्ज धरत नसेल, केबल काढताक्षणी बंद पडत असेल, फुगलेला दिसत असेल, किंवा चार्ज होताना हाताला चटका बसत असेल, तर तो टाकायचा झाला. घरच्या कचऱ्याच्या डब्यात नाही, कारण कचरागाडीत चेपून लिथियम बॅटऱ्यांच्या आगी लागतात. व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, विकणाऱ्या दुकानांनी जुने पॉड परत घ्यायचे असतात, तिथे नेऊन द्या, नाहीतर नगरपालिकेच्या पुनर्वापर केंद्रात. १ जून २०२५पासून इथे एकदाच वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आहे, त्यामुळे नवा घेताना तो चार्ज होणारा, लिक्विड भरता येणारा आणि कॉइल किंवा कुपी बदलता येणारा असणार. दुकानातच तो तुमच्या पॉवर बँकेला, तुमच्याच केबलने लावून बघा, आणि दोन मिनिटं तरी दिवा लागलेला राहतो ना ते पाहून मग पैसे द्या.